ऑनलाइन बुद्धिबळात हरायला लागलं की समोरचा घड्याळ चालू ठेवून नुसता बसून राहतो. तुम्ही काय करता?

केळीवाला (रावेर तालुका)

रामराम मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितोय. जरा लांबण लागेल, पण पूर्ण वाचून सांगा.

मी शेतकरी. घरची पाच एकर केळी, अर्धी मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली), अर्धी कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली). आमच्या फीडरला मोटरला लागणारी थ्री-फेज लाइन, म्हणजे वीज, काही दिवस दिवसा मिळते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की मी जेवण करून साडेनऊला शेतातल्या खोलीवर येतो. वेळापत्रकात बारा लिहिलेले असले तरी लाइन कधी साडेबाराला येते, कधी एकला. ऑटो स्विच आहे, पण नुसती मोटर चालू होऊन केळीचं भागत नाही. ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवावे लागतात, फिल्टर धुवावा लागतो, उंदरानं नळी कुरतडली असेल तर ती शोधून बांधावी लागते. त्यामुळे माणूस जागेवर लागतोच.

वाट बघायच्या त्या दोन-तीन तासांत मी मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. खेळ आजोबांनी शिकवला, तोही देशी पद्धतीचा. त्यात प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर पुढं जायचं. आंतरराष्ट्रीय नियम मी चार वर्षांपूर्वी मोबाइलवरच शिकलो. रेटिंग, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा आकडा, १४०० च्या आगेमागे असतं. मला विचार करून खेळायला आवडतं, म्हणून मी प्रत्येकाला ३० मिनिटांचा डाव लावतो, दर चालीला वरून सेकंद न मिळणारा.

परवाची गोष्ट. समोरचा बरा खेळत होता. विसाव्या-बाविसाव्या चालीला माझ्या घोड्यानं त्याच्या राजाला शह दिला आणि त्याच माऱ्यात वजीरही आला. राजा हलवण्याशिवाय त्याला इलाज नव्हता. मी वजीर मारला. आता त्यानं हत्तीनं माझा घोडा मारायचा, एवढी एकच करण्यासारखी चाल शिल्लक होती. पाहताक्षणी दिसणारी. त्याच्याकडे १९ मिनिटं होती, माझ्याकडे ८.

तो बसून राहिला.

आधी वाटलं, नेट गेलं असेल. पण तो ऑनलाइन दिसत होता. पाच मिनिटं गेली, सात गेली. बाहेर थंडी, अंगावर घोंगडी, मोबाइलची बॅटरी २३ टक्के. मी पडद्यावरची नजर काढली नाही. बारा पस्तीसला लाइन आली, मोटरचा आवाज सुरू झाला. त्याच्या घड्याळात तेव्हा अजून ११ मिनिटं होती. मी दोन मिनिटं थांबलो, मग मोबाइल खाटेवर ठेवला आणि बॅटरी घेऊन बागेत गेलो. पाण्याला कसं थांबवणार? नेमकी त्या दिवशी एक नळी निघालेली होती. ती बसवून, व्हॉल्व्ह फिरवून परत यायला २५ मिनिटं लागली.

पडद्यावर लिहिलेलं होतं की वेळ संपल्यामुळे मी हरलो. चालींची यादी पाहिली. त्यानं घोडा मारला तेव्हा त्याची ७ मिनिटं ४० सेकंद शिल्लक होती. म्हणजे मी उठल्यावर दीड मिनिटाच्या आत. मग माझी ८ मिनिटं रिकाम्या खोलीत जळून गेली.

हरण्याचं मला एवढं वाईट वाटत नाही. चांगल्या खेळाडूकडून मार खाल्ला की मी तो डाव दुसऱ्या दिवशी मांडून बघतो, त्यात आनंद असतो. पण या डावात त्यानं मला पटावर हरवलं नाही. मी उठून जायची वाट बघितली. त्या रात्री पहाटे चारला घरी गेलो तरी डोळा लागला नाही.

खरी अडचण पुढं आहे. माझा पुतण्या आठवीत आहे, माझ्याजवळच खेळ शिकतो. त्याला हे सांगितलं तर तो सहज म्हणाला, "काका, मग तुम्हीपण असंच करत जा ना. समोरचा कंटाळून निघून जातो आणि डाव आपला होतो." मी गप्प बसलो. कारण नियम बघितला तर वेळ त्याचीच होती, त्यानं ती वापरली. मग चुकलं काय त्याचं? पोराला हे कसं समजावू? आणि त्या वेळी मी काय करायला हवं होतं? जाणकारांनी सांगावं.

---

तापीकाठचा (भुसावळ)

भो, ३० मिनिटांचा डाव लावूच नका. मी रेल्वेत आहे, ड्यूटी संपवून ३ अधिक २ चा ब्लिट्झ खेळतो, म्हणजे तीन मिनिटं आणि दर चालीला वरून दोन सेकंद. कोणी बसून राहिलं तर किती बसेल? तीन मिनिटं. तेवढ्यात चहा होतो. माझ्या मते औषध एवढंच.

---

केळीवाला (रावेर तालुका)

भाऊ, तुमचं खरं आहे, पण ३ मिनिटांत मला खेळल्यासारखंच वाटत नाही. एखाद्या चालीवर चार मिनिटं विचार करावा, तीच तर मजा आहे माझ्यासाठी. दुसऱ्याच्या वागण्यापायी ती सोडायला जीवावर येतं.

---

पंच (जळगाव)

केळीवाले दादा, मी बरीच वर्षं जिल्ह्यातल्या स्पर्धांना पंच म्हणून बसतो. तुमच्या पुतण्याचा प्रश्न मला पालकही विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी नियम. पटावरच्या खेळात स्वतःच्या वेळेत कितीही विचार करायला बंदी नाही. एका चालीवर २० मिनिटं घेतली म्हणून मी कोणाला शिक्षा करू शकत नाही. घड्याळ पडलं, म्हणजे वेळ संपली, तर डाव गेला, मग पटावर कितीही मोहरी असोत. अपवाद एवढाच की समोरच्याकडे कोणत्याही कायदेशीर चालींनी मात करण्याइतकं बळ उरलेलं नसेल तर डाव बरोबरीत सुटतो. तुमच्या डावात त्याच्याकडे हत्ती होते, त्यामुळे निकाल नियमानं बरोबरच लागला. पण फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या, नियमांतच ११.५ कलम आहे. प्रतिस्पर्ध्याचं लक्ष विचलित करणं किंवा त्याला कोणत्याही प्रकारे त्रास देणं निषिद्ध आहे. घड्याळाची वेळ विचार करायला दिलेली आहे. समोरच्याला उठवायला ती वापरली की माझ्या मते तो या कलमाच्या जवळ जातो. समोरासमोर हे सिद्ध करणं कठीण असतं. ऑनलाइन मात्र प्रत्येक चालीला किती सेकंद लागले याची नोंद राहते.

म्हणूनच ऑनलाइन संकेतस्थळांनी याला वेगळा अपराध मानलं आहे. लिचेसवर हरणारा डाव न सोडता घड्याळ संपवत बसणाऱ्याला यंत्रणा स्वतःच ओळखते, आधी ताकीद देते आणि पुन्हा पुन्हा केलं तर काही काळ नवीन डाव खेळू देत नाही. बंदीची मुदत वाढत जाते. चेस डॉट कॉमवरही हे खिलाडूवृत्तीच्या धोरणाविरुद्ध आहे, डाव झाल्यावर तिथून तक्रार करता येते. एका तक्रारीनं काही झालेलं दिसणार नाही, पण त्याच्या नावावर नोंद जमा होते. तेव्हा पुतण्याला सांगा, हा खेळाचा भाग नाही, यासाठी खेळणं बंद होतं.

हा त्रास मोबाइलबरोबर आलेला नाही. १८५१ साली लंडनला मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा घड्याळच नव्हतं. एलायजा विल्यम्स नावाचा खेळाडू एकेका चालीला इतका वेळ घ्यायचा की हॉवर्ड स्टाँटनसारख्या बड्या खेळाडूनं त्याची उघड तक्रार केली. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात स्टाँटन त्याच्याकडून हरला. लोकांना कळलं की वेळेला माप हवं. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश या खेळाडूंच्या सामन्यात वाळूची घड्याळं वापरली, आणि १८८३ च्या लंडन स्पर्धेत एकाच दांडीवर बसवलेली दोन यांत्रिक घड्याळं आली. आपण आज ज्याला चेस क्लॉक म्हणतो त्याची सुरुवात तीच.

पुढं माजी जगज्जेता बॉबी फिशरनं प्रत्येक चालीला काही सेकंद वाढवून देणारं घड्याळ काढलं. १९८८ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९२ मध्ये स्पास्कीबरोबरचा सामना त्याच घड्याळावर खेळला. त्याचा हेतू वेगळा होता. चांगली स्थिती असलेल्या माणसानं केवळ सेकंद संपले म्हणून हरू नये, असं त्याला वाटत होतं. पण तुमच्या कामाला ते येतं. कसं ते बघा.

समजा तुम्ही २० अधिक ० चा डाव लावला. समोरच्यानं पंधरा चालींत ३ मिनिटं खर्च केली, मग वजीर गमावला. त्याच्याकडे बसून राहायला १७ मिनिटं आहेत. आता १० अधिक १५ लावा. चाळीस चालींच्या डावात प्रत्येकाला तेवढीच, म्हणजे २० मिनिटं मिळतात. पण पंधराव्या चालीला तेवढाच खर्च केलेल्या माणसाकडे पावणेअकरा मिनिटं असतात. म्हणजे सव्वासहा मिनिटं तुमची वाचली, आणि विचाराला वेळ मात्र कमी झाला नाही. भुसावळकरांसारखं ३ मिनिटांवर यायची गरज नाही.

आता एक महत्त्वाचं. वाट बघताना कंटाळून इंजिन, म्हणजे चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम, लावून तीच स्थिती तपासायला जाऊ नका. समोरचा कितीही वाईट वागला तरी चालू डावात इंजिनची मदत म्हणजे फसवणूक. शेजारी बसलेल्या पुतण्याला चाल विचारणंही तसंच. माझ्या ओळखीचा एक चांगला मुलगा याच चुकीनं खातं घालवून बसला. अशाच बसून राहणाऱ्या खेळाडूवर चिडून त्यानं ते केलं होतं.

---

सातपुड्यातली बाई (धडगाव)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. केळीवाले भाऊंचा त्रास खरा आहे, पण दुसरी बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहिते.

आमच्या पाड्यावर वीज गेली की थोड्या वेळानं टॉवरही बसतो. पावसाळ्यात तर हे रोजचं. मी डाव मध्येच कितीदा गमावला आहे याची गणती नाही. नेट परत आलं की संवादाच्या चौकटीत शिव्या लिहिलेल्या असतात. एकदा एकानं हिंदीत लिहिलं होतं, हिंमत नसेल तर खेळू नकोस. मी त्या डावात जिंकत होते. ते वाचून दोन आठवडे अ‍ॅप उघडलं नाही.

म्हणून आधी एवढं बघा की माणूस जोडलेला आहे का. लिचेसवर नावाजवळचा ठिपका हिरवा असतो, तो गेला की समजायचं समोरचा डावात नाही. थोडा वेळ थांबलं की तिथं विजय मागायचा किंवा बरोबरी घ्यायची सोय उघडते. मला वाटतं ज्याचं नेट गेलं त्याला बरोबरी द्यावी. मी देते. पण ठिपका हिरवा, चाल एकच, आणि माणूस दहा मिनिटं हलत नाही, तर तो तुम्ही म्हणता तसाच.

आणखी एक खूण सांगते. खरा विचार करणारा सगळ्या डावात कुठं ना कुठं थांबलेला असतो. आधीच्या चालींची वेळ काढून बघा. वीस चाली पाच-सात सेकंदांत खेळलेला माणूस वजीर गेल्यावर पहिल्यांदाच थांबला, तर शंका घ्यायला जागा आहे.

भाऊ, शिवी लिहू नका एवढीच विनंती. संवाद बंद करून ठेवता येतो. मी तो कायमचा बंद ठेवला आहे.

---

शिरपूरचा (सध्या धुळे)

मी हे केलेलं आहे. ऑनलाइन पण, आणि समोर बसून पण. लिहावं की नाही हे दोन दिवस ठरत नव्हतं.

होस्टेलला आम्ही सहा जण खेळायचो. रेटिंग सगळ्यांना दिसायचं, संध्याकाळी मेसमध्ये त्यावरच बोलणं. १५०० च्या जवळ आलो होतो आणि खाली घसरायचं नव्हतं. हरतोय असं दिसलं की डाव सोडायचं बटण दाबायला बोटच पुढं जायचं नाही. वाटायचं, बसून राहू, काय सांगावं, तो जाईल. आणि दहात एखादा जायचाच. केळीवाले दादा, ज्यानं तुमच्याशी हे केलं त्याला तुम्ही कोण, कुठं, थंडीत पाण्यासाठी बसलेले, हे काही माहीत नव्हतं. मलाही माझ्या समोरच्यांचं कधी काही माहीत नव्हतं. त्याला माफ करा म्हणून हे सांगत नाही.

मग एका स्पर्धेत नाव दिलं. धुळ्यातलीच एका शाळेतली स्पर्धा, २५ मिनिटांचे डाव. शेवटच्या फेरीत समोर आठ-नऊ वर्षांचा मुलगा आला. पाय जमिनीला टेकत नव्हते त्याचे. त्यानं माझा हत्ती आणि उंट फुकट जिंकला. माझ्याकडे १६ मिनिटं होती. मी हातावर हनुवटी ठेवली आणि पटाकडे बघत बसलो. विचार काहीच करत नव्हतो. वाटत होतं, लहान आहे, कंटाळेल, घाईत चूक करेल.

तो कंटाळला नाही. पाय हलवत पटाकडे बघत राहिला. पण दारात त्याची आई उभी होती, खांद्यावर दोन पिशव्या. ती आधी घड्याळाकडे बघायची, मग मुलाकडे, मग माझ्याकडे. दोनदा पंचांजवळ येऊन हळू आवाजात काही विचारून गेली. मला कळलं की साक्रीकडची त्यांची शेवटची एसटी होती आणि पंच तिला माझ्याबद्दल सांगत होते की वेळ त्याची आहे, आम्ही काही करू शकत नाही. मला कळलं, तरी मी उठलो नाही. दोन मिनिटं उरेपर्यंत बसलो. मग चार चालींत मात झाली. मुलानं हात मिळवला, "थँक्यू दादा" म्हणाला आणि दोघं धावत गेली. त्यांना बस मिळाली की नाही ते मला माहीत नाही.

त्यानंतर मी डाव सोडायला शिकलो. मोबाइलवर सुद्धा. हरलो की लगेच सोडतो असं नाही, लढायला जागा असेल तर लढतो, पण नुसता बसत नाही.

पुतण्याला हवं तर हे वाचून दाखवा. माझं नाव नाही यात, पण गोष्ट खरी आहे.

---

पंच (जळगाव)

शिरपूरकर, त्या टेबलाशी मी नव्हतो, पण अशा आया मी पाहिल्या आहेत आणि तेच उत्तर दिलेलं आहे. आता स्पर्धेची पत्रिका छापताना शेवटची फेरी किती वाजता संपेल ते ठळक लिहायला लावतो, आणि बाहेरगावच्या मुलांच्या गाड्यांच्या वेळा सकाळीच विचारून घेतो. त्याहून जास्त माझ्या हातात नाही.

---

केळीवाला (रावेर तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभरानं लिहितोय, मध्ये घड कापणी होती, गाड्या भरायच्या होत्या.

सांगितल्याप्रमाणे १० अधिक १५ लावतो. पहिल्या दिवशी जोडीदार मिळायला तीन मिनिटं लागली, या वेळेचे डाव खेळणारे कमी दिसतात. पण मिळतात ते बहुतेक शांतपणे खेळणारे मिळतात, असा माझा आठ-नऊ डावांचा अनुभव आहे. एक जण बसला होता. त्याच्याकडे ६ मिनिटं होती, मी सगळी थांबलो, घड्याळ पडलं, तक्रार केली आणि त्याला ब्लॉक केलं. शिवी लिहिली नाही. धडगावच्या ताई, तुमचा निरोप लक्षात होता.

एक माझं मीच ठरवलं. लाइन यायच्या आधीचा पाऊण तास नवीन डाव सुरू करायचा नाही. आणि डाव चालू असताना उठावं लागलंच तर मोबाइल खिशात, पडदा चालू ठेवून. अ‍ॅप बंद पडलं तर आपणच डाव सोडून गेलो असं धरलं जातं, हे मला आता कळलं. चालीचा आवाजही मोठा करून ठेवला आहे, पण मोटरजवळ तो ऐकू येत नाही, म्हणून व्हायब्रेट. ताईंनी सांगितली तशी आधीच्या चालींची वेळही मी सुरुवातीला सांगितलेल्या त्या डावात काढून बघितली. त्या माणसानं वजीर जाईपर्यंतचा सगळा डाव ११ मिनिटांत खेळला होता आणि पुढच्या एका चालीवर ११ मिनिटं २० सेकंद घेतली होती.

पुतण्याला शिरपूरच्या भाऊंचं वाचून दाखवलं. मी काही समजावलं नाही. त्यानं मध्येच विचारलं, "काका, मग त्यांना बस मिळाली का?" मी म्हटलं, लिहिणाऱ्यालाही माहीत नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पट काढून आणला आणि हत्ती, उंट कमी असलेली बाजू स्वतःकडे घेतली. म्हणाला, इथून खेळू, बघतो किती टिकतो. सव्वीस चाली टिकला. मग स्वतःच राजा आडवा केला.

आज आमच्याकडे साडेबाराची पाळी आहे. साडेदहा ते पावणेबारा मी रिकामा असतो. शिरपूरचे भाऊ, जागे असाल तर या, १० अधिक १५. पांढरी मोहरी तुम्ही घ्या.